पाच औंसांची लाल परी: उतारावरची लाकडी गाडी जोरात कशी पळवावी?

जर्सीचा_बाबा

मंडळी, एका लाकडाच्या ठोकळ्यानं घरातली शांतता घालवली आहे, म्हणून धागा काढतोय.

लेक आठ वर्षांची. इथे न्यू जर्सीत कब स्काउटला जाते. दर हिवाळ्यात त्यांची 'पाइनवुड डर्बी' असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एका डब्यात पाइनचा ७ इंची ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि चार खिळे मिळतात. खिळे म्हणजेच आख. ठोकळा तासून गाडी बनवायची. इंजिन नाही, स्प्रिंग नाही, ढकलायचं नाही. वजन ५ औंसांच्या आत, म्हणजे १४२ ग्रॅमच्या आत. ट्रॅक ४२ फुटांचा, सुरुवात चारेक फूट उंचीवर, उतार संपला की पुढे सपाट. तीन सेकंदांत खेळ खलास.

मागच्या वर्षी २४ गाड्यांत आमची २२ वी आली. उरलेल्या दोनांपैकी एकीचं चाक निघालं होतं आणि दुसरी उलटी लावली होती. एवढं सांगितलं की पुरे.

यंदा मी म्हटलं, पाचरीसारखी चपटी गाडी करू. तर उन्हाळ्यात आजीसोबत साताऱ्याहून महाबळेश्वरला एसटीनं जाऊन आल्यापासून बाईसाहेबांचं एकच पालुपद: "मला लाल एसटीच हवी." आता एसटी म्हणजे ठोकळाच की! ठोकळ्याला लाल रंग फासला की झाली.

प्रश्न असा: एसटी ठेवून गाडी वेगात जाऊ शकते का? तीन आठवडे आहेत. घरात एक ड्रिल, एक करवत आणि बारावीचं विसरलेलं फिजिक्स आहे.

अर्धा_चहा

एसटी आणि वेगात? बाबा, प्रश्नातच विसंगती आहे.

शेवटची_गाडी

@अर्धा_चहा, घाट उतरताना कधी एसटीत बसला नाहीत वाटतं. पुढच्या बाकाची दांडी अजून माझ्या हातात आहे.

पिट्सबर्गी

दोन मुलं, सात डर्ब्या, तीन कप. बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

पहिलं म्हणजे वजन. ५ औंस म्हणजे ५ औंस, ४.८ नाही. पहिल्या वर्षी नव्वद टक्के लोक इथेच मार खातात. कोरा ठोकळा, चाकं, खिळे मिळून भरतात ११५ ग्रॅमच्या आसपास. तासल्यावर आणखी कमी. बाकीचं वजन तुम्हाला घालायचंय. टंगस्टनच्या गोळ्या मिळतात, महाग आहेत पण मुलांच्या हातात शिसं देऊ नका. शिवाय टंगस्टन शिशाच्या पावणेदोनपट जड असतं, त्यामुळे लहान भोकात मावतं.

दुसरं म्हणजे ते वजन मागे घाला. मागच्या आखाच्या पुढे इंचभर. त्याच्याही मागे गेलात तर पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी सपाटीवर येताना घोड्यासारखी उधळते.

न्यूटनचा_भाचा

वजनानं काय होतंय राव? सगळ्या वस्तू सारख्याच वेगानं खाली येतात हे गॅलिलिओनं ४०० वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. सातवीच्या पुस्तकात आहे. टंगस्टनवाल्यांची दुकानं चालावीत म्हणून हे सगळं.

पिट्सबर्गी

@भाचा, मग तुम्ही ३ औंसांची आणा, मी ५ ची आणतो. समोसे पैजेवर.

सांगलीचे_मास्तर

भाच्याला एकदम हसू नका, शंका रास्त आहे. माझ्या वर्गात दर वर्षी एक तरी भाचा असतो आणि तोच पुढे नीट शिकतो.

हवा नसती आणि चाकं बिनवजनाची असती, तर भाच्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. आखावरचं घर्षणसुद्धा वजनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे तिथेही जड गाडीला फायदा नाही, तोटाही नाही. पण दोन गोष्टी वजनाकडे बघत नाहीत. एक हवा. ती गाडीचा आकार आणि वेग बघून अडवते. ५ औंसांच्या गाडीला जेवढी अडवते, तेवढीच त्याच आकाराच्या ३ औंसांच्या गाडीला. पण जड गाडीच्या गाठीला ऊर्जा जास्त, म्हणून तिला तो खर्च कमी जाणवतो. पगार वाढला आणि घरभाडं तेच राहिलं तर जसं होतं, तसं.

दुसरं, चाकं. ती नुसती पुढे जात नाहीत, फिरतातही, आणि फिरवायला ऊर्जा लागते. एक चाक अडीच ग्रॅमच्या जरा वर, आणि त्यातलं बरंचसं वजन कडेला. चारही चाकांचं फिरणं मिळून गाडीला सहा-एक ग्रॅम जादा ओढल्यासारखं पडतं. १४२ ग्रॅमच्या गाडीत हे चार टक्के. ८५ ग्रॅमच्या गाडीत सात टक्के. चाकं तीच, पण हलक्या गाडीला महाग पडली.

तेव्हा गॅलिलिओ बरोबर, पिट्सबर्गीही बरोबर. समोसे मात्र भाच्यानं द्यावेत.

न्यूटनचा_भाचा

मान्य. पगार आणि घरभाडं कळलं. समोसे पोस्टानं पाठवतो.

जर्सीचा_बाबा

मास्तर, भारी. पण वजन मागे का? एकूण वजन तेवढंच असेल तर पुढे ठेवलं काय, मागे ठेवलं काय?

सांगलीचे_मास्तर

सुरुवातीला गाडी उतारावर तिरकी उभी असते, नाक खाली, शेपूट वर. सगळ्यांची नाकं एकाच खुंटीला टेकलेली. म्हणजे ज्याचं वजन शेपटीकडे, त्याचं वजन जास्त उंचीवर. खाली सपाटीवर आल्यावर मात्र सगळ्यांचं वजन एकाच पातळीवर. जो जास्त उंचीवरून निघाला तो जास्त खाली उतरला, एवढीच गंमत.

आकडा काढू. उतार ३० अंशांचा धरा. वजनाचा मध्य २ इंच मागे सरकवला तर तो १ इंच वर जातो, म्हणजे २५ मिलिमीटर. एकूण उतरण १२०० मिलिमीटर. ऊर्जा २ टक्के वाढली, वेग त्याच्या निम्म्यानं म्हणजे १ टक्का वाढला. सपाटीवर गाडी पावणेदोन सेकंद असते. त्यातले १७ मिलिसेकंद वाचले. तेवढ्या वेळात ती जवळपास ८ सेंटिमीटर जाते. तीन बोटं रुंद अंतरानं शर्यती जिंकल्या जातात, इथे तर चार-पाच बोटं आली.

खडूस_काकू

वाचतेय सगळं. एकच विचारायचंय. ही शर्यत आठ वर्षांच्या मुलीची आहे ना? की आठ वर्षांच्या मुलीच्या आयआयटीयन बाबांची?

आमच्या गावातल्या एका डर्बीला गेले होते. अर्ध्या गाड्या अशा चकचकीत की शोरूममधून आणल्यासारख्या, आणि त्यांचे मालक कोपऱ्यात डोनट खात बसलेले. गाडी कोणी केली विचारलं तर पोरगं बाबांकडे बघतं. एकाच मुलाची गाडी वेडीवाकडी, चाकाला गोंद ओघळलेला. तो मात्र प्रत्येक फेरीला ट्रॅकला नाक लावून उभा.

पिट्सबर्गी

काकू, म्हणूनच बऱ्याच ठिकाणी मोठ्यांसाठी वेगळी शर्यत ठेवतात. तिला 'आउटलॉ' म्हणतात. तिथे बाप लोकांनी काय हवं ते करावं. आमच्याकडे तिथे जास्त भांडणं होतात.

मिपावरचा_जुना

काकूंना +१. अवांतर माहिती: हे सुरूच मुळी अशा भानगडीतून झालंय. अमेरिकेत मुलं स्वतः बसून उतारावरून गाड्या हाकतात ती सोपबॉक्स डर्बी १९३४ पासून आहे, १९३५ पासून ओहायोतल्या अ‍ॅक्रनला होते. कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी म्हणून कब स्काउटचे पुढारी होते. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा, सोपबॉक्सला वय कमी पडलं. म्हणून १९५३ च्या मे महिन्यात त्यांनी या छोट्या गाड्यांची पहिली शर्यत भरवली. मर्फी विमान बनवणाऱ्या कंपनीत कामाला होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून बापाच्या डोक्यात विमानच होतं. :)

खडूस_काकू

@जुना, म्हणजे रोग जन्मजात आहे.

बेरिंगवाला

आमच्या लहानपणी साताऱ्यात हीच शर्यत असायची, फक्त आम्ही गाडीवर बसलेले असायचो. गॅरेजमधून बाद झालेली तीन बेरिंगं मागून आणायची, फळीला ठोकायची, पुढच्या आडव्या दांडीला सुतळी बांधायची. रस्त्यावरून निघाली की खर्रर्र आवाज पार दुसऱ्या आळीत. ब्रेक म्हणजे पायातली स्लीपर. आईला स्लीपरची टाच बघून कळायचं कोण कुठे खेळून आलंय.

आणि हो, मास्तरांचं वजनाचं गणित आम्हाला अनुभवानं माहीत होतं. जाड्या पोराला सगळे आपल्या गाडीवर बोलवायचे. एरवी क्रिकेटमध्ये त्याला कोणी घ्यायचं नाही.

अर्धा_चहा

@बेरिंगवाला, तो जाड्या मी. बाकी चालू द्या.

वंगण_आणि_धाव

नाशिकच्या एमआयडीसीत २६ वर्षं टर्नर होतो, त्याआधी आजोबांची बैलगाडी. दोन्हीकडे एकच गोष्ट शिकलो: गाडी आखात अडते.

बैलगाडीचं चाक एवढं मोठं आणि आख बारीक का असतो? घासाघीस होते आखावर, तुंब्याच्या म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या आत. चाक जेवढं मोठं आणि आख जेवढा बारीक, तेवढी ती घासाघीस कमी टोचते. तुमच्या खिळ्याची जाडी सव्वादोन मिलिमीटर, चाक तीस. तेरा-चौदापट. हे प्रमाण तुम्हाला बदलता येणार नाही, नियम आहे. पण घासणारा पृष्ठभाग तुमच्या हातात आहे.

त्या डब्यातले खिळे भिंगाखाली बघा. डोक्याच्या खाली साच्याची शिवण राहिलेली असते, दांड्यावर चिमट्याच्या खुणा असतात. चाक त्याच्यावर कानशीसारखं घासतं. खिळा ड्रिलच्या चकमध्ये धरा, हळू फिरवा, बारीक कानशीनं शिवण काढा, डोक्याची आतली कड किंचित उतरती करा. मग ओला पॉलिश पेपर: ४००, ६००, १०००, २०००. घाई नाही. शेवटी पॉलिश. खिळ्यात तोंड दिसलं पाहिजे. चाकाचं भोकही आतून गुळगुळीत हवं, पाइप क्लीनरला पॉलिश लावून फिरवा.

मग ग्रॅफाइटची पूड. तेल नको, बहुतेक ठिकाणी चालत नाही आणि लाकूड पितं. पूड घाला, चाक फिरवा, परत घाला, परत फिरवा. वीस वेळा.

हे काम आठ वर्षांच्या मुलीला येतं. ड्रिल तुम्ही धरा, पेपर तिला धरू द्या. माझ्या नातवानं केलंय.

जर्सीचा_बाबा

काका, ही पोस्ट प्रिंट काढून गॅरेजमध्ये लावली. काकूंच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. करवत आणि ड्रिल माझ्याकडे, बाकी तिच्याकडे. ठरलं.

कॅलिब्रेशन

थोडी आकडेमोड मीही करतो, ढोबळ आहे, मास्तरांनी तपासावी. १४२ ग्रॅम, १.२ मीटर, म्हणजे एकूण भांडवल १.६७ ज्यूल.

खर्चाची बाजू. आख कोरडा आणि खरबरीत असेल तर घर्षणगुणक ०.३ च्या आसपास धरू. चाकाच्या प्रमाणानं तेरानं भागलं, पूर्ण ट्रॅकच्या लांबीनं गुणलं: ०.४ ज्यूल गेले. जवळपास पाव भांडवल आखात! पॉलिश आणि ग्रॅफाइट केल्यावर गुणक ०.१ धरला तर ०.१३.

हवा: सरळसोट ठोकळ्याला, चाकं धरून, ०.२ च्या आसपास. चपट्या पाचरीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं.

म्हणजे एसटीचा दंड साधारण ०.१३ ज्यूल आणि खिळे न घासण्याचा दंड ०.२७. एसटीमुळे गाडी एक गाडीभर मागे पडेल. खिळ्यांमुळे दोन गाड्याभर. बाबा, मागच्या वर्षी खिळे घासले होते का?

जर्सीचा_बाबा

नाही. :( डब्यातून काढले, ठोकले.

कॅलिब्रेशन

मग २२ वा नंबर लाकडाच्या आकारामुळे नव्हता. एसटी ठेवा.

सांगलीचे_मास्तर

गणित तपासलं, ठीक आहे. हवेचा आकडा थोडा जास्त-कमी होईल, पण क्रम तोच. एक दुरुस्ती: वेग वाढत जातो तशी हवा वर्गानं वाढते, म्हणून हा दंड मुख्यतः सपाटीवर लागतो. एसटी सुरुवातीला बरोबरीनं जाईल आणि शेवटच्या दहा-बारा फुटांत मागे पडेल. लेकीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रडारड.

ब्राउनश्वाइगकर

जर्मनीतून लिहितोय, त्यामुळे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोक्सवॅगनची ती जुनी गोलसर मिनीबस आठवते? तिचा पहिला नमुना चपट्या तोंडाचा होता. इथल्या तंत्र विद्यापीठाच्या हवाबोगद्यात मॉडेल ठेवलं तर हवेच्या अडथळ्याचा गुणक निघाला ०.७५. तोंड फुगीर केलं, काच मधे किंचित मोडली, कडा गोल केल्या, तर ०.४४. बस बसच राहिली, हवेचा अडसर चाळीस टक्क्यांनी कमी झाला.

तुमच्या एसटीचंही तेच करा. मागची बाजू चौकोनी राहू द्या, छप्पर सपाट राहू द्या. पुढच्या चारही कडा पॉलिश पेपरनं गोल करा. लेकीला सांगा जुन्या एसट्या अशाच गोल नाकाच्या होत्या. खोटंही नाही.

जर्सीचा_बाबा

दाखवलं. जुन्या एसटीचा फोटो बघून म्हणाली, "ही तर आणखी क्यूट आहे." मंजूर.

पण एक अडचण. बस भरीव ठेवली तर ठोकळ्याचंच वजन सगळीकडे पसरलेलं. वर फक्त २५-३० ग्रॅम घालायला जागा. मागे जड कशी करू?

शेवटची_गाडी

एसटी आतून पोकळच असते हो. खालून कोरा.

पिट्सबर्गी

शेवटची_गाडी विनोदात खरं बोलून गेले. खालून ड्रिलनं भोकं पाडा, पुढच्या दोन तृतीयांश भागात, आखाजवळ पुरेसं लाकूड ठेवून. ३५-४० ग्रॅम सहज निघतील. मग सगळं टंगस्टन मागच्या आखाच्या अलीकडे-पलीकडे. खालून पातळ पुठ्ठा चिकटवा, नाहीतर हवा भोकांत शिरून गोंधळ घालेल. पट्टीच्या कडेवर गाडी तोलून बघा, तोल मागच्या आखाच्या पुढे इंचभर आला की थांबा.

अर्धा_चहा

म्हणजे सगळे प्रवासी मागच्या बाकावर. त्या बाकावर बसलं की खड्ड्यात डोकं छपराला लागतं, हे फिजिक्स माझं पक्कं आहे.

खडूस_काकू

हसले. नाइलाजानं.

रांगोळी_फिजिक्स

अजून कोणी सरळ धावण्याबद्दल बोललं नाही म्हणून. आमची पहिली गाडी सगळ्यात गुळगुळीत होती तरी हरली. का, तर ट्रॅकच्या मधोमध जी पट्टी असते तिच्यावर ही डावीकडून उजवीकडे आपटत गेली. दर आपटीला वेग खाल्ला.

उपाय दोन. एक, चारी आख तंतोतंत सरळ, जे घरच्या करवतीला जमत नाही. दुसरा थोडा उलटा वाटेल: पुढचं एकच चाक किंचित वळवायचं, म्हणजे गाडी पट्टीला हळूच टेकून, तिच्या आधारानं जाईल. भिंतीला हात लावून अंधारात चालतो तसं. खिळा अगदी थोडा वाकवायचा आणि स्क्रू-ड्रायव्हरनं डोकं फिरवून दिशा लावायची. चार फुटांची फळी जरा उतरती करून गाडी सोडा, चार फुटांत तीन-चार इंच एका बाजूला गेली की पुरे.

पुढचं दुसरं चाक जमिनीपासून थोडं उचललेलं ठेवलं तर ते फिरतच नाही. मास्तरांच्या हिशेबात एका चाकाचं घरभाडं वाचलं. मात्र आपल्या इथले नियम वाचा, काही ठिकाणी चारही चाकं टेकलेली लागतात.

न्यूटनचा_भाचा

थांबा. सरळ जाण्यासाठी वाकडं करायचं?

रांगोळी_फिजिक्स

हो. ठिपके सरळ हवे असतील तर सुतळी ताणून धरावी लागते, तसं समजा.

सुपरग्लूचा_बळी

एक सूचना, पोळलेल्या माणसाची. खिळे ठोकल्यावर ते हलू नयेत म्हणून मी शर्यतीच्या आदल्या रात्री सुपरग्लूचा एक थेंब टाकला. एकच. तो थेंब खिळ्यावरून सरळ चाकात गेला. सकाळी चाक जाम. मुलगा सहा वर्षांचा, माझ्याकडे बघून म्हणाला, "इट्स ओके बाबा, यू ट्राइड." त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

गोंद लावायचा असेल तर पांढरा, काडीनं, खालच्या बाजूनं.

वंगण_आणि_धाव

आणि काटा! घरचा किचनचा काटा आणि तिथला काटा कधी जुळत नाही. घरी ५.०० दाखवलं आणि तिथे ५.०२ दाखवलं तर ऐनवेळी टेबलावर गाडी कोरायला लागते. थोडं वजन स्क्रूनं बसवा, काढता-घालता आलं पाहिजे. स्क्रू-ड्रायव्हर खिशात.

न्यूटनचा_भाचा

बाबा, काय झालं? शर्यत होऊन गेली असेल ना?

शेवटची_गाडी

मधल्या थांब्यावर चहाला थांबले असतील.

जर्सीचा_बाबा

आलो, आलो. काल झाली.

आधी तयारी. खिळे तिनं घासले. चारही. पहिल्या खिळ्याला पाऊण तास लागला, चौथ्याला वीस मिनिटं, आणि चौथा सगळ्यात चकचकीत. घासण्याआधी चाक फिरवलं की दहा-बारा सेकंदांत थांबायचं, नंतर मोजायला लागलो तर ती कंटाळून निघून गेली आणि चाक फिरतंच होतं. पुढच्या कडा गोल केल्या. खालून मी कोरलं, एका ठिकाणी ड्रिल छपरातून बाहेर आलं. तिथे आम्ही सामानाचं कॅरियर लावलं. काड्यापेटीच्या काड्यांचं. वर एक ट्रंक. हवेच्या दृष्टीनं गुन्हा आहे, मला माहीत आहे. पाटी तिनं स्वतः लिहिली: सातारा – महाबळेश्वर. 'श्व'वर घसरली होती, आजीनं व्हिडिओ कॉलवर दुरुस्त करून घेतलं.

रांगोळीताई, आमच्याकडे चारही चाकं टेकलेली लागतात, त्यामुळे उचललं नाही. पण टेकून चालवायची युक्ती केली. चार फुटांच्या फळीवर दोन संध्याकाळी गेल्या.

काका, तुमचा काटा! घरी ५.००, तिथे ५.०४. स्क्रू-ड्रायव्हर खिशात होता. एक वॉशर काढला, ४.९९. रांगेत मागे एक बाबा काकुळतीनं बघत होते, त्यांना स्क्रू-ड्रायव्हर दिला.

निकाल: २६ गाड्यांत ७ वी. मागच्या वर्षी आमचा वेळ ३.४ च्या वर होता, यंदा सर्वोत्तम ३.१३. पहिली आलेली पाचर ३.०४.

मास्तर म्हणाले तसंच झालं अगदी. उतार संपेपर्यंत एसटी पाचरीच्या नाकाला नाक लावून. शेवटच्या दहा फुटांत पाचर पुढे. मी आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे रडारड नाही. ती उलट शेजारच्या मुलाला समजावत होती, "आता हवा लागणार, बघ."

सांगलीचे_मास्तर

९ शतांश सेकंद म्हणजे ४० सेंटिमीटर, दोन गाड्यांच्या थोडं वर. त्यातला एक गाडीचा हिशेब आकाराचा. उरलेला ट्रंक आणि आख यांच्यात वाटून घ्या. "आता हवा लागणार" हे वाक्य मी वर्गात वापरणार आहे, तिची परवानगी विचारा.

जर्सीचा_बाबा

विचारलं. म्हणते, फुकट नाही. पुढच्या वर्षी शिवशाही करायची आहे, मास्तरांनी गणित करून द्यायचं.

अर्धा_चहा

शिवशाही? रस्त्यात बंद पडेल.

खडूस_काकू

कोपऱ्यात डोनट खात होती की ट्रॅकला नाक लावून?

जर्सीचा_बाबा

दोन्ही, काकू. एका हातात डोनट होता. ट्रॅकवर साखर सांडली म्हणून ओरडाही खाल्ला.

आता शेवटचा आणि खरा प्रश्न, यासाठी नवा धागा काढत नाही: ग्रॅफाइटची पूड सोफ्यावर सांडली आहे. सोफा फिकट क्रीम रंगाचा. बायको उद्या संध्याकाळी कॅन्सासहून परत येतेय. कसं काढायचं?

खडूस_काकू

हात लावू नका. घासू नका. आधी व्हॅक्यूमच्या नुसत्या नळीनं वरच्या वर ओढून घ्या, ब्रश लावू नका. आणि काहीही झालं तरी पाणी लावू नका, पसरेल.

जर्सीचा_बाबा

पाणी लावून झालंय.